शेलॅक खरं का कान खरा

शाहूपुरी, कोल्हापूर
सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

केरबा,

मालवणच्या त्या बाटलीची खरी किंमत परवा बसून काढली. तू आजवर लोकांना सांगत आलास की फुकट मिळाली. फुकट कसली? तीन दिवस लाँचचं इंजिन उतरवून चढवलं, त्याची मजुरी साडेतीनशे ठरली होती. ती न देता मालकानं ही बाटली तुझ्या हातात ठेवली आणि तू लगेच ‘चालतंय की’ म्हणालास. म्हणजे साडेतीनशे. येताना करूळ घाटात राजदूतची चेन तुटली, चाळीस. घरी पोचल्यावर तुला ताप भरला, डॉक्टरचे पंचवीस. माझी आई दारू घरात आणली म्हणून आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, ते धरलेलं नाही, तो फायदाच होता. झाले चारशे पंधरा. वर अबोल्याची सतरा वर्षं. ती कशात मिळवायची हे कळलं नाही, म्हणून वेगळी ठेवलीत.

पत्र का लिहितोय म्हणशील. तुझ्या नंबरवर फोन लावला की एकदाच वाजतो आणि मरतो. मला वाटलं गडहिंग्लजला रेंज नसेल. शालू म्हणाली, “रेंज हाय. तुमालाच न्हाय. ह्याला ब्लॉक म्हणत्यात.” पोस्टखात्यात अजून तशी सोय निघालेली नाही.

तर मुद्दा बाटलीचा. १९८६ साली आणली तेव्हा लेबलवर बारा वर्षं लिहिलेलं होतं. बारा आणि एकोणचाळीस, एक्कावन्न. एक्कावन्न वर्षांची स्कॉच अख्ख्या शाहूपुरीत दुसऱ्या कुणाकडं असेल तर दाखव. मोबाईलवर बघितलं, असल्या बाटल्यांना लाख-दीड लाख मोजणारी माणसं आहेत. आधी म्हणालो होतो लेथ घेतली की फोडायची, मग म्हणालो स्वतःचं शेड झालं की, मग पोरींच्या लग्नात. बरं झालं फोडली नाही. आता विकायची का प्यायची ते दोघांनी ठरवू. अर्धा वाटा तुझा.

माल जसाच्या तसा आहे. आणल्या दिवशीच बुचावर मी लाखेच्या शेलॅकचे दोन हात दिले होते, इंजिनच्या गॅस्केटला देतो तसे. पिराजीच्या शेलॅकमधून आजवर डिझेलचा थेंब बाहेर आलेला नाही, तिथं दारू काय येणार. आणि माझा कान विचारशील तर तोही तसाच आहे. रस्त्यानं ट्रॅक्टर गेला तर कितव्या सिलेंडरचा नोझल गेलाय ते चहा पिता पिता सांगतो.

जुनं उकरून काढू नकोस. त्या दिवशी मी जे बोललो ते कानाला ऐकू आलं तेच बोललो. आयुष्यात मी कुणाची माफी मागितलेली नाही, कारण ऐकल्याशिवाय मी कधी बोलत नाही.

खंडेनवमीला ये. मीनाबाईंना घेऊन ये.

पिराजी

ता. क. एसटी स्टँडवर तुमच्याकडची दोन माणसं बोलत होती. मी ऐकायला गेलो नव्हतो, ऐकू आलं. एक म्हणत होता, “केरबा मिस्त्री दिवाळी झाली की पुण्याला पोराकडं चाललाय, कायमचा. लेथ काढलीया विकायला.” कुठली लेथ ते काही तो बोलला नाही.

गडहिंग्लज, २५ ऑगस्ट
(पोस्टकार्ड)

पिराजी,
बाटलीतला माझा वाटा मी २००८ सालीच चोरून पिऊन टाकला, असं तूच अकरा माणसांसमोर सांगितलं होतंस. मग आता अर्धा वाटा कसला देतोस?
केरबा

शाहूपुरी
सोमवार, १ सप्टेंबर २०२५

केरबा,

पाकीट पाच रुपयाला मिळतं. तुला परवडत नसेल असं नाही. तू मुद्दाम कार्डावर लिहिलंस. पोस्टमन सायकलवरून उतरायच्या आत विचारतो, “मिस्त्री, ही अकरा माणसं कोण वो?” शेजारच्या स्पेअर पार्टवाल्यानं दुकानातून मान बाहेर काढली. गिऱ्हाईकानंही काढली. मी कार्ड खिशात घातलं आणि म्हणालो, क्रिकेटची टीम आहे.

असो. बाटलीची तपासणी झाली. आमच्या पोरीची, अक्षताची, एक मैत्रीण आहे, अनुजा. मूळची मुरगूडची. बारा वर्षं मोठ्या जहाजावर बार सांभाळत होती, आता पुण्यात हॉटेलवाल्या पोरांना शिकवते आणि जुन्या बाटल्यांची पारख करते. ती माहेरी आली होती, तिला बोलावून घेतलं. बायकोसमोर एका मुलीला दारूतलं विचारायचं म्हणजे मला कसंतरीच झालं, पण शालूनंच तिला खुर्ची दिली आणि स्वतः समोर बसली.

पोरीनं हातात पांढरे मोजे घातले. मी हत्यारांचं कपाट उघडून बाटली टेबलावर ठेवली.

ती म्हणाली, “काका, बाटली कुठाय?”

“ही काय.”

“ही? मला वाटलं कुठला तरी देव आहे.”

तिचंही चूक नाही. तुझ्या लक्षात असेल, खंडेनवमीला पाने, जॅक, व्हाइस सगळ्यांना हळदीकुंकू लागतं. बाटली त्याच कपाटात. तू गेल्यापासून पूजा शालूच करते, आणि ती काही हात आखडून करणारी बाई नाही. लेबलवर आणि गळ्यावर पिवळा-तांबडा गिलावा झालाय, बोटभर जाड.

अनुजानं विचारलं, “काकू, बाटलीला कशाला?”

“का? हत्याराच्या कपाटात हाय म्हटल्यावर हत्यारच न्हवं? आणि हिनं जेवढा घाव घातलाय तेवढा हातोड्यानं तरी घातलाय का आमच्या घरावर?”

मी शालूकडं बघितलं नाही. तूही वाचून दाखवू नकोस कुणाला.

मग पोरीनं मोबाईलची बत्ती बाटलीच्या मागं धरली. बुडाकडून बघितलं, तिरकं करून बघितलं. बुचाजवळ आल्यावर थांबली.

“हे तपकिरी काय आहे?”

“शेलॅक.”

“कुणी लावलं?”

“मी.”

“कशाला?”

“गळू नये म्हणून.”

तिनं मोबाईलची बत्ती बंद केली. मग डॉक्टर पेशंटच्या घरच्यांशी बोलतात तशा आवाजात म्हणाली, “काका, विकत घेणाऱ्याला कंपनीचं सील लागतं. तुमचं नाही.” मी म्हणालो, माझ्या सीलवर निम्म्या जिल्ह्याची इंजिनं चालतात. ती म्हणाली, असतील. पण बाटली जमवणारे आधी लेबल बघतात, मग सील, मग आतली पातळी. इथं पहिलं दिसत नाही आणि दुसरं तुमचं आहे. ह्याला कुणी लाख सोडा, लाखाचं एक शून्यसुद्धा देणार नाही.

बरं, म्हटलं, एक्कावन्न वर्षांची तरी आहे. तर म्हणाली, तेही नाही. दारूचं वय लाकडाच्या पिंपात वाढतं, काचेत वाढत नाही. ज्या दिवशी बाटलीत भरली त्या दिवशी बारा वर्षांची होती, आजही बाराच. हे ऐकून माझं तोंड उतरलं. शालू म्हणाली, “माणसांचं बी तसंच असतंय काय गं? ह्यांचं आणि केरबाभावजींचं वय त्या भांडणाच्या दिवशी थांबलंय बघ.”

पिता येईल का? येईल म्हणाली. रंग स्वच्छ, गढूळपणा नाही, तळाला गाळ नाही. शेडच्या पत्र्याच्या उष्णतेनं वास थोडा उडाला असेल, पण विष होत नाही. “पातळी मात्र ह्या गिलाव्यामुळं दिसत नाही,” असं म्हणून ती सहज बोलून गेली, “कमीच असेल. जुन्या बाटल्यांत बुचातून हळूहळू उडते. वीस वर्षांत दोन बोटं सहज.”

मी म्हणालो, “परत सांग.” तिनं परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लावलं तेव्हा तिनं शालूकडं बघितलं.

कळलं का केरबा? २००८ साली मी बाटली कानाशी हलवली आणि दोन बोटं कमी आहे म्हणालो. ती कमी होतीच! उडाली होती. म्हणजे माझा कान बरोबर होता. आणि तू प्यायला नव्हतास, तूही बरोबर. दोघंही बरोबर. विषय मिटला. खंडेनवमीला या, गाडी स्टँडवर पाठवतो.

पिराजी

ता. क. लेबल थोडं साफ करून बघितलं. त्याबद्दल सवडीनं लिहीन.

गडहिंग्लज, ८ सप्टेंबर
(पोस्टकार्ड)

पिराजी,
विषय मिटला म्हणे. मिटवणारा तू कोण? आणि उडाली कशातून? तुझ्या शेलॅकमधून? डिझेलचा थेंब येत नाही त्यातून दोन बोटं दारू आली? तुझं शेलॅक खरं का तुझा कान खरा, ते आधी ठरव. दोन्ही खरं असेल तर मग मी चोर. ठरलं की कळव.
पोस्टमनला नमस्कार.
केरबा

शाहूपुरी
सोमवार, २२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना

केरबा,

दोन आठवडे झाले, पोस्टमन रोज विचारतोय, “ठरलं काय मिस्त्री?” काल स्पेअर पार्टवाला म्हणाला, “माझं मत शेलॅक.” त्याच्या गिऱ्हाईकाचं मत कान. तुझ्या एका कार्डानं गल्लीत पार्ट्या पडल्यात.

आधी लेबलचं सांगून टाकतो. ओल्या फडक्यानं हळद निघेना, म्हणून थोडं रॉकेल लावलं. हळद निघाली. बरोबर लेबलही निघालं. आता ते स्टीलच्या ताटलीत तीन तुकड्यांत वाळत ठेवलंय. एका तुकड्यावर पाऊण लिटर असं कळतं, एकावर अर्धा सिंह का घोडा आहे, तिसऱ्यावर कुंकू.

आता दुसरं. हे पाकिटात लिहितोय, पाकिटातच राहू दे.

त्या खंडेनवमीला बाटली हलवायचं मला काही कारण नव्हतं. बावीस वर्षं दर पूजेला मी ती कपाटातून काढत होतो, कधी हलवली नाही. त्या दिवशी का हलवली ते तुला माहीत नाही. सकाळी तू दारात एका गिऱ्हाईकाशी बोलत होतास. मी मागं झेंडूचं तोरण बांधत होतो. तू म्हणालास, “पिराजीचा हात आता पहिल्यासारखा चालत न्हाय.” एवढं ऐकलं. पुढचं ऐकायला थांबलो नाही. तोरण तिथंच सोडून आत आलो.

तासाभरानं पूजा झाली. अकरा माणसं प्रसादाला उभी होती. मी बाटली उचलली, कानाशी धरली, हलवली आणि म्हणालो, “दोन बोटं कमी हाय. आणि शेलॅक फोडून परत लावणारा ह्या शेडात माझ्याशिवाय एकच माणूस हाय.” नाव घेतलं नाही. गरजच नव्हती, अकराच्या अकरा तुझ्याकडं वळले. तू हातातला पेढा परत ताटात ठेवलास. साबणानं हात धुतलेस, कोपरापर्यंत, रोज सुट्टी करताना धुवायचास तसे. आणि गेलास. दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन आलास ते तुझ्या वाट्याची लेथ न्यायला.

तू विचारलंस शेलॅक का कान. लिहितो.

शेलॅक खरं. फोडलेलं नव्हतं. आणि ते मला त्याच दिवशी कळलं होतं, केरबा. हलवायच्या आधी मी अंगठ्याचं नख लावून बघितलं होतं. नवं शेलॅक असतं तर नख रुतलं असतं. दगडासारखं होतं, बावीस वर्षांचं. हे मी शालूलाही सांगितलं नव्हतं. आता ती हे पत्र वाचल्याशिवाय चिकटवू देणार नाही, म्हणजे कळेलच.

मग कान खोटा का? ते माझ्या हातून लिहवत नाही. साठ पानं लिहिली असती तरी ते एक वाक्य आलं नसतं. पण माफी मागतो. नुसती पत्रात नाही. अकरातले तिघं गेले, आठ आहेत. आठही जणांना खंडेनवमीला बोलावलंय. जिथं बोललो तिथंच मागतो. तू पुण्याला जायच्या आधी मागायची आहे.

ये एवढंच म्हणतो.

पिराजी

(वरील मजकूर वाचला. भावजी, याच. मी ह्यांना सतरा वर्षं सांगतेय, बाटली फोडा नाहीतर डोकं फोडा, पण एक काय ते करा. – शालू)

शाहूपुरी
शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५

केरबा,

एसटीच्या खिडकीतून जाता जाता तू ओरडलास, “सगळं लिहून पाठव, सही करून! न्हायतर चार दिसांत पलटशील.” अख्ख्या स्टँडनं ऐकलं. म्हणून लिहून देतो. तुझ्या मनाविरुद्ध काही असेल तर कार्ड टाक, पोस्टमन वाट बघतोय.

बुधवारी, एक तारखेला, खंडेनवमीच्या दिवशी तू आणि मीनाबाई दहाच्या गाडीनं आलात. तुझ्या हातात पेढे नव्हते, नारळ नव्हता. पिशवीत पंप टेस्टिंगच्या, मिलीच्या खुणा असलेल्या काचेच्या चार नळ्या होत्या आणि पेट्रोल गाळायचं मऊ चामडं, नवंकोरं, गरम पाण्यात धुतलेलं. आठही माणसं उभी होती. मी दोन दिवस पाठ केलेलं बोलायला लागलो, तर तू म्हणालास, “भाषण मागनं. आधी मोजू.”

मग तू मला एकच प्रश्न विचारलास, तो इथं तसाच्या तसा देतो.

“पिराजी, ही बाटली नवी होती तवा कधी हलवून ऐकली होतीस?”

“न्हाय.”

“मग भरलेल्या बाटलीचा आवाज कसा असतोय हे तुला ठावं न्हाय. आणि कमी हाय म्हणून सांगितलंस.”

आठ जणांपैकी कुणीतरी खोकलं.

इंजिन ऐकून मी नोझल सांगतो, कारण चांगली हजार इंजिनं मी ऐकलीत. बाटली मात्र आयुष्यात एकच ऐकली, तीही एकदाच. हे मला सतरा वर्षांत सुचलं नाही, तुला पहिल्या दिवशी सुचलं असणार. तू बोलला नाहीस. मी तुझ्या जागी असतो तर बोललो असतो, हे खरं, पण मी तुझ्या जागी कधी नव्हतोच.

शेलॅक तू हॅकसॉच्या पात्यानं कापलंस आणि तुझ्या तोंडून निघालं, “लई कडक बसलंय.” हे मी स्तुती म्हणून धरलंय. बूच मात्र निम्म्यात तुटलं आणि भुगा आत पडला. म्हणून चामडं. इतकी वर्षं जपलेली स्कॉच आपण शेवटी पेट्रोलसारखी गाळली. अनुजाला फोटो पाठवला, तिनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

गाळता गाळता मी तुला दारातल्या त्या सकाळचं विचारलं. तू आधी ओळखलंच नाहीस. मग आठवलं तुला. “अरं, त्या कागलच्या ट्रॅक्टरवाल्याला सांगत होतो. पिराजीचा हात आता पहिल्यासारखा चालत न्हाय, म्हटलं, कारण चालवायला लागतच न्हाय. नुस्तं ऐकून सांगतोय गडी, उघडायचं काम मी करतो. असला कान जिल्ह्यात न्हाय.”

इथं मी रडलो असं शालू म्हणते. कापूर पेटवला होता, शेडात धूर होता. आठ जणांना विचारून घे.

माफी मागितली. आठ जणांनी ऐकली. तू म्हणालास, “मोठ्यानं.” परत मागितली. हेही लिहून घे, दोनदा मागितली.

चव बरी होती. जळक्या लाकडाची आणि थोडी गुळाच्या ढेपेसारखी. तुला शुगर आहे म्हणून मीनाबाईंनी चमच्यानं मोजून एक दिला आणि चमचा स्वतःकडं ठेवला. मला दुसऱ्या घोटालाच ठसका लागला. उरलेली आठ जणांनी संपवली. त्यांतला एक म्हणाला, देशीला ह्याच्यापेक्षा दम असतोय.

लेथचं मात्र माझ्या मनासारखं लिहितो. ती विकायची नाही. तू गेलास तेव्हा तिच्या फाउंडेशनचे चार बोल्ट जमिनीत तसेच राहिले. सतरा वर्षं मी ते कापले नाहीत आणि त्या जागेवर काही ठेवलं नाही. शालू दर आठवड्याला ठेचकाळते आणि मला शिव्या देते. रविवारी टेम्पो पाठवतो, लेथ परत त्याच बोल्टांवर बसेल. तू पुण्याहून येशील तेव्हा तिच्यावर हात टाक, नाही आलास तर मी तिचा आवाज ऐकत बसेन. टेम्पो नेमका किती वाजता सोडायचा ते फोनवर ठरवू. त्यासाठी आधी माझा नंबर मोकळा कर. मीनाबाईंना येतं म्हणे करता.

आता सहीचं.

मी, पिराजी, शाहूपुरी, लिहून देतो की बाटली कुणी फोडली नव्हती, कुणी प्यायली नव्हती, आणि उडालीही नव्हती. लेबलप्रमाणे ती पाऊण लिटरची, म्हणजे सातशे पन्नास मिलीची. तुझ्या नळ्यांत, आठ माणसांसमोर, ती भरली सातशे पंचेचाळीस. राहिलेली पाच मिली तुझ्या चामड्यात मुरली.

(सही) पिराजी